कासवाला ग्रामसभा नाही, आपल्याला आहे

(तालुक्याच्या मेळाव्यात संघटनेच्या युवा गटाने केलेलं भाषण. बऱ्याच वाड्यांनी मागितलं म्हणून बोललो तसंच लिहून दिलं आहे. वाडीच्या बैठकीत वाचून दाखवावं.)



आज आम्ही कासवाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. दळीच्या दाव्यांचं काय झालं, मोजणी कधी होणार, फॉरेस्टवाल्याने कोयता उचलून नेला तो परत कधी मिळणार, हे सगळं सोडून ही पोरं कासवाचं काय घेऊन बसली, असं तुम्हाला वाटेल. पण थोडं ऐका. फिरून फिरून आम्ही दळीवरच येणार आहोत.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीवर एक पांढरी गाडी आली. दोन माणसं उतरली. पोरांना बिस्किटांचे पुडे वाटले, म्हाताऱ्यांना रामराम केला आणि एक टाइप केलेला कागद काढला. वर छापलेलं होतं, ‘ग्रामसभेचा ठराव’. तारखेची जागा मोकळी. मधे लिहिलेलं की खाडीच्या तोंडापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत निसर्ग पर्यटनाचा प्रकल्प होणार, वाडीची त्याला काही हरकत नाही. खाली सह्या-अंगठ्यांसाठी रेघा. कागदाला नकाशा जोडलेला नव्हता. आमच्यातल्या एका आजीने विचारलं, “बाबा, सभा कवा झाली?” तो हसून म्हणाला, “आजी, सभा नंतर दाखवू.”

त्या दिवशी कुणी सही केली नाही. पण कागद वाडीतच ठेवून ते गेले. दिवाळीनंतर परत येणार म्हणाले. तेव्हा आपण काय करायचं, त्यासाठी हे बोलणं आहे.

आम्हाला या कागदाची भीती का वाटते? कारण एक हॉटेल आपण आधी बघितलं आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा खाडीच्या त्या अंगाला मोठं हॉटेल झालं. नाव घेत नाही, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाही सांगितलं होतं की रोजगार मिळेल. मिळाला. दोघे रातचे वॉचमन, तीन बाया चादरी धुवायला, चार गडी गवत कापायला, तेही सीझनपुरते. आणि गेलं काय? खाडीवर उतरायची पायवाट गेली. गेट लागलं. आपल्याच वाडीचा पोरगा वॉचमन म्हणून उभा राहिला आणि त्याला आपल्याच मावशीला म्हणावं लागलं, “इकडून जायचं नाही.” त्याचा दोष नाही, त्याचं पोट आहे. पण बघा, आपल्याच माणसाला कुंपण करून उभं केलं.

त्याच वेळी भरतीचं पाणी जिथून तिवरांत शिरायचं, तिथे गाड्या लावायला मातीचा भराव टाकला. तिवराला रोज दोन वेळा भरती लागते. भरती थांबली की तिवर उभ्या जागी वाळतं. तिवरं वाळली तशा चिंबोऱ्या कमी झाल्या, निवट्या दिसेनाशा झाल्या. चिखलच सुकला, मग बगळे कशाला बसतील? संध्याकाळी तिवरांतून कोल्हे ओरडायचे, ते आता आमच्या लहान भावंडांनी ऐकलेलंच नाही. आया टोपली भरून आणायच्या तिथे आता दुपारभर फिरून कालवणापुरतं मिळत नाही. आपण म्हणतो आपली पायवाट गेली. चिंबोरीची, निवटीची, कोल्ह्याचीसुद्धा पायवाट तेव्हाच गेली. एकाच भरावाखाली.

आता कासवाकडे येतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री एकटी येते. भरतीच्या रेघेच्या वर कोरडी वाळू शोधते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने झाकते आणि पाण्यात परत जाते. पुढचं सगळं वाळूची ऊब करते. दीड-दोन महिन्यांनी रात्री पिल्लं वर येतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. लाखो वर्षं रात्री समुद्राची बाजूच उजळ असायची, जमिनीकडे अंधार. म्हणून ती बरोबर पाण्यात जायची.

किनाऱ्यावर पैसेवाल्यांसाठी काहीही बांधायचं झालं, की पहिली तीन कामं ठरलेली असतात. एक, वाळूचे उंचवटे सपाट करायचे आणि वरची वेल, झुडपं काढायची. दोन, भिंत किंवा दगडांचा बांध घालायचा. तीन, दिवे लावायचे. वाळू सपाट झाली की मादीला कोरडी जागा मिळत नाही, भरतीत अंडी वाहून जातात. भिंत आली की ती वर चढू शकत नाही. आणि दिवे लागले की पिल्लं समुद्राकडे पाठ करून हॉटेलच्या दिशेने चालू लागतात. सकाळी कुत्रे आणि कावळे त्यांना खातात, उरलेली उन्हात मरतात. कुणी काठी उचलली नाही, जाळं टाकलं नाही. नुसता बल्ब लावला.

कुणी म्हणेल, मग पाहुणे येऊच द्यायचे नाहीत का? असं आम्ही म्हणत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथे पूर्वी कासवाची अंडी लोक उकरून न्यायचे. खोटं कशाला बोला, आपल्यातलेही कित्येक जण अंडी खात होते. २००२ पासून तिथे घरटी राखायचं काम सुरू झालं. आता पिल्लं पाण्यात जाताना बघायला माणसं येतात आणि गावातल्याच घरांत उतरतात, भाकरी-भात खातात. पाहुणे आले, पण वाळू जागेवर राहिली आणि पैसा घरात आला. म्हणजे भांडण पाहुण्यांशी नाही. जागा कुणाच्या हातात राहते, एवढाच प्रश्न आहे.

आता आम्ही तुम्हाला फार लांब नेणार आहोत, कारण ‘वाडीची हरकत नाही’ या एका कागदाने काय होतं ते तिथे दिसतं. शिबिरात आम्ही नकाशा पसरून हे समजून घेतलं. भारताचं सगळ्यात दक्षिणेचं टोक कन्याकुमारी नाही. त्याच्याही खाली, बंगालच्या उपसागरात, ग्रेट निकोबार नावाचं बेट आहे. जवळजवळ सगळं बेट जंगलाने भरलेलं आहे. तिथे आपल्यासारखेच आदिवासी आहेत. शोंपेन, ते जंगलात राहतात, २०११ च्या जनगणनेत ते अवघे २२९ होते. आणि निकोबारी, त्यांची गावं किनाऱ्याला होती. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. बेटाचं दक्षिण टोकच काही मीटर खाली बसलं. निकोबारींची गावं वाहून गेली. वाचलेल्यांना सरकारने उचलून कॅम्पबेल बे जवळच्या वसाहतीत आणून ठेवलं. तेव्हापासून ते म्हणताहेत, आम्हाला आमच्या मूळ गावी जाऊ द्या. वीस वर्षं होऊन गेली, अजून तिथेच आहेत.

त्या बेटाच्या दक्षिणेला गॅलेथिया नावाची खाडी आहे. तिथे जगातलं सगळ्यात मोठं कासव अंडी घालायला येतं. इंग्रजीत त्याला लेदरबॅक म्हणतात, कारण त्याची पाठ टणक नसते, चामड्यासारखी असते. वजन चार-पाचशे किलो, आपल्या बैलापेक्षा जास्त. अंदमानच्या दुसऱ्या एका बेटावर अशा कासवांच्या पाठीवर यंत्र बसवून पाहिलं, तर काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेली, काही पार आफ्रिकेकडे. एवढा समुद्र पालथा घालून मादी अंडी घालायला पुन्हा त्याच भागातल्या किनाऱ्यावर येते. त्सुनामीने गॅलेथियाची वाळू खाऊन टाकली होती. हळूहळू वाळू परत साचली आणि कासवंही परत आली. समुद्राने मोडलेलं समुद्राने परत केलं. सिमेंट मात्र परत काही देत नाही.

तिथे अजून एक पक्षी आहे, निकोबार मेगापोड. कोंबडीएवढा. तो अंड्यावर बसत नाही. किनाऱ्याजवळच्या झाडीत वाळू, माती आणि पालापाचोळा ओढून मोठा ढीग करतो आणि त्यात अंडी पुरतो. पाला कुजताना जी ऊब येते, तिच्यावर पिल्लं होतात. आपण आंब्याची अढी घालतो तसंच समजा. हा पक्षी निकोबार बेटांखेरीज कुठे सापडत नाही. तिथलं माकड, नारळ फोडणारा मोठा खेकडा, खाऱ्या पाण्यातली मगर, सगळी त्याच पट्ट्यात राहतात. आपल्या केवड्याच्या जातीचं पँडॅनस नावाचं झाड तिथे आहे. त्याची मोठी फळं शोंपेन खातात, निकोबारी खातात, माकडंही खातात. एका झाडाखाली तिघांची पंगत.

या जागेसाठी सरकारने मोठा प्रकल्प आखला. गॅलेथियाच्या तोंडावर जहाजांचं बंदर, मोठा विमानतळ, वीज केंद्र आणि पर्यटनासह नवं शहर. एकूण १६६ चौरस किलोमीटर. सुरुवातीचा अंदाज ७२ हजार कोटी रुपये. बेटावर आज आठ हजारांच्या आसपास माणूस आहे, तिथे साडेतीन लाखांची वस्ती करायची. त्यासाठी १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायचं. सरकारनेच संसदेत झाडांचा आकडा दिला, ९ लाख ६४ हजार. मेगापोडची वापरातली ५१ घरटी मोजली, त्यातली ३० कायमची जाणार असं प्रकल्पाच्याच कागदात आहे. समुद्राखालच्या पोवळ्यांच्या १६ हजारांहून जास्त वसाहती उचलून दुसरीकडे लावणार म्हणतात. हे हॉटेलपेक्षा शेकडो पटींनी मोठं. पण कामं तीच: वाळू, भिंत, दिवे.

पण गॅलेथिया तर १९९७ पासून कासवांचं अभयारण्य होतं ना? होतं. ५ जानेवारी २०२१ ला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ते रद्द करायला मान्यता दिली. गंमत बघा. त्याच सुमाराला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने समुद्री कासवं वाचवण्याचा आराखडा छापला, आणि त्यात महत्त्वाच्या किनाऱ्यांमध्ये गॅलेथियाचं नाव आहे. एका कागदावर कासव वाचवायचं, दुसऱ्या कागदावर त्याचं घर पुसायचं.

दादांनो, हे आपण नीट लक्षात ठेवायचं. आपण अभयारण्याच्या हद्दीतून सरपणाची मोळी आणली की गुन्हा. मध काढला की गुन्हा. रानात राहिलो तर म्हणतात तुमच्यामुळे जनावरं मरतात, खाली उतरा. जनावरांच्या नावाने आपल्याला उठवतात. पण मोठं बंदर यायचं म्हटलं की ते अभयारण्यच उठवतात. म्हणजे आपल्याला हाकललं ते जनावरासाठी नव्हतं. जागा मोकळी हवी होती. एकदा आपण हललो की जनावराचा नंबर लागतो, कारण त्याच्या बाजूने बोलायला तिथे कुणी राहिलेलं नसतं.

आणि तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात काय? बदल्यात झाडं लावणार हरियाणात. समुद्र कुठे, हरियाणा कुठे! उद्या आपली दळी बुडवली आणि सांगितलं की काळजी करू नका, बदल्यात चंद्रपूरला कुणाच्या तरी बांधावर रोपं लावली, तर आपल्या घरात नाचणी येणार का? निकोबारचं माकड हरियाणाला जाऊन फळ खाणार का?

आता त्या कागदाकडे या. जंगल वळवायचं तर वन हक्क कायद्याप्रमाणे लोकांचे हक्क आधी ठरले पाहिजेत आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या आदिवासी परिषदेकडून ना हरकत घेतली गेली. २७ ऑक्टोबरला जंगलाची पहिली मंजुरी आली, ११ नोव्हेंबरला पर्यावरणाची. त्यानंतर परिषदेला कळलं की ज्या जागा वळवल्या जाणार त्यात त्यांची त्सुनामीआधीची गावं, तीच मूळ गावं आहेत, जिथे परत जायला ते इतकी वर्षं अर्ज करत होते. परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्येच पत्र लिहून ना हरकत मागे घेतली. आम्हाला पूर्ण माहिती दिली नव्हती, असं त्यांनी सांगितलं. पण मंजुऱ्या तेवढ्याने मागे गेल्या नाहीत. लोक न्यायाधिकरणात गेले, कोर्टात गेले, लढताहेत. सही द्यायला एक दुपार लागली. ती परत घ्यायला वर्षं चालली आहेत.

निकोबारची माणसं भोळी होती असं कुणी म्हणू नका. त्यांना नकाशा दाखवला नव्हता. आपल्या वाडीत आलेल्या कागदाला तरी कुठे नकाशा आहे?

याच्या उलटही झालेलं आहे. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. तिथे डोंगरिया कोंध राहतात. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. डोंगर आजही उभा आहे, त्यावरची झाडं, झरे, जनावरं सगळ्यांसकट. त्या सभांत वाघ-सांबर बोलायला आले नव्हते. माणसं बोलली, त्यात त्यांचंही राहिलं.

कासवाला ग्रामसभा नाही. मेगापोडला सही येत नाही. निवटी काही तहसीलला अर्ज करायला जाणार नाही. त्या सगळ्यांचं घर आपल्या एका ‘नाही’ वर उभं आहे, आणि आपली दळी, आपली पायवाटही त्याच ‘नाही’ वर. हे आमच्या मनचं नाही. वन हक्क कायद्याचं कलम ५ वाचा. जंगल, वन्यजीव, पाण्याचे साठे राखायचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलेला आहे. फॉरेस्टवाला विचारतो, तू कोण जंगल राखणारा? त्याला कलम ५ दाखवा.

म्हणून दिवाळीआधी प्रत्येक वाडीने काय करायचं, ते सांगतो.

पहिलं, कोऱ्या तारखेच्या कागदावर अंगठा नाही. घरी येऊन सही मागितली तर सांगायचं, ग्रामसभा वाडीत भरते, ओटीवर नाही.

दुसरं, नकाशा मागायचा. गट नंबर, वन सर्व्हे नंबर, हद्द, सगळं लिहून. नकाशावर आपल्या दळ्या, पाणवठा, देवाची जागा, स्मशान आणि खाडीची पायवाट आपण स्वतः खुणा करून घ्यायच्या. शाळेत जाणारी पोरं हे काम करतील. आम्हीही येऊ.

तिसरं, वन हक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. नियमच आहे. पाच-सात बाप्यांनी पारावर बसून केलेला ठराव ठराव नाही. खाडीवर बाया जातात, सरपणाला बाया जातात. काय गेलं आणि काय उरलं ते त्यांना जास्त ठाऊक.

चौथं, प्रश्न लिहून विचारायचे. भराव कुठे टाकणार? दिवे कुठे लावणार? भिंत कुठून कुठे? पाणी कुठलं घेणार, सांडपाणी कुठे सोडणार? किनाऱ्याला १९९१ पासून सीआरझेडचा नियम आहे, आणि तिवरं तोडायला मुंबई हायकोर्टाने २०१८ साली बंदी घातली आहे. त्याचं काय? उत्तर लेखी नाही, तर चर्चा नाही.

पाचवं, ज्यांचे सामूहिक हक्काचे दावे अजून भरलेले नाहीत त्यांनी ते भरायचे. खाडीतली मासळी-चिंबोरी पकडायचा, चराईचा, पाण्याचा हक्क त्यात लिहायचा. पायवाट आपण आज कागदावर लिहिली नाही, तर उद्या ते म्हणतील इथे पायवाट नव्हतीच.

आम्ही काही मोठे शिकलेले नाही. बारावीपर्यंत गेलो. पण वाचता येतं, आणि वाचून दाखवता येतं. ज्या वाडीला असा कागद आला असेल, त्यांनी तो फाडू नका, जाळू नका. जपून ठेवा आणि आम्हाला बोलवा. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू. मोठ्याने वाचला की पुष्कळ कागदांची हवा निघून जाते.

आमच्या वाडीतला कागद त्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत आहे. ती म्हणते, “येऊं दे त्यांना. मी विचारीन, सभा कवा झाली?” आम्हाला वाटतं, प्रत्येक वाडीत असं विचारणारी एक तरी आजी पाहिजे. आणि तिच्या मागे उभं राहायला आपण सगळे.

आधी नकाशा, मग सभा, मग सही!
जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!
जिंदाबाद!